दोन युनिट जास्त

३ मार्च

प्रिय वहिनीस,

तुझं पत्र मिळालं. त्यात कुंडीतल्या गुलाबाला आलेल्या तीन कळ्या आहेत, मास्तरांचा खोकला आहे आणि पावणेदोन पानं आपल्या शाळेच्या आठवणी आहेत. विजेचं बिल मात्र पाकिटाच्या तळाशी, चौघडी करून, चुकून आत पडल्यासारखं ठेवलंस. मी तेहतीस वर्षं मुलींना गणित शिकवलंय. प्रगतीपुस्तक कसं लपवतात ते मला शिकवू नकोस.

चारशे बारा युनिट! दोरे-बटणांच्या दुकानात! तिथे तू पोलाद वितळवतेस का?

दादाला जाऊन पाच वर्षं झाली. दुकान निम्मं तुझं, निम्मं माझं. माझ्या निम्म्याचं मला काही नाही, पण तुझं निम्मं असं विजेच्या तारेतून वाहून गेलेलं मला बघवत नाही. चपलांच्या व्यापाऱ्याचं पत्र पुन्हा आलंय. जागा भाड्याने मागतो. तुला घरबसल्या पैसे मिळतील आणि गुडघ्यांनाही आराम.

तरी तीन महिने देते. जूनच्या बिलात बरोबर निम्मं, म्हणजे दोनशे सहा युनिट दिसले पाहिजेत. एक जरी जास्त आलं तरी मी व्यापाऱ्याला होकार कळवणार. ‘जवळजवळ’ हा शब्द गणितात नाही.

दुकानात विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी पाठव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

तुझी,
नणंद


११ मार्च

प्रिय वन्सं,

एरवी मी तुला शाळेतल्या नावाने काठीच म्हटलं असतं, पण रागावलेल्या माणसाला नात्याने हाक मारलेली बरी.

यादी करायला बसले आणि मलाच घाम फुटला. सोळा ट्यूबलाइट. तीन पंखे, त्यातला एक फक्त आवाज करतो. बाहेरची पाटी, जी भर दुपारीही पेटलेली असते, कारण तिचं बटण कपाटाच्या मागे आहे आणि कपाट मास्तरांशिवाय कुणाला हलत नाही. आणि मास्तरांची इस्त्री. ते कोपऱ्यात शिवणयंत्रावर फिटिंगची कामं करतात, पण इस्त्री सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तापलेली. मी म्हटलं, “मास्तर, कपडे दिवसाला चार, मग ही दहा तास कशाला?” तर म्हणाले, “वहिनी, इस्त्री गार पडली की दुकान गार पडतं.”

दिवे एवढे का, ते तुला माहीत आहे. दुकान बोगद्यासारखं लांब आणि अंधारं. ढगाळ असो की लख्ख ऊन, आतल्या फळ्यांपर्यंत उजेड पोचतच नाही. मी येऊन पाच वर्षं झाली, त्याआधी नुसती डबा घेऊन यायचे, तेव्हाही असंच होतं.

आता एक सांगते, चिडू नकोस. मला घरबसल्या पैसे नकोत. घरी मी दिवसभर बंदच करत असते. दारं, नळ, गॅस. सकाळी दुकानाचं कुलूप काढते, तेवढी एक गोष्ट मी उघडते. तेव्हा काय करायचं ते सांग, मी करीन. शाळेत तुझी गणितं उतरवून घ्यायचे तशी मुकाट्याने.

तुझी,
लिंबू


१७ मार्च

प्रिय लिंबू,

एक. पाटी दिवसा बंद. कपाट हलव.

दोन. इस्त्री दिवसाला एकच तास. मास्तरांना सांग, मी सांगितलंय.

तीन. प्रत्येक फळीवरच्या ट्यूबला वेगळी ओढायची दोरी लावून घे. गिऱ्हाईक निळा दोरा मागेल तेव्हा निळ्या फळीची दोरी ओढायची, दोरा काढायचा, दोरी पुन्हा ओढायची. पिवळा मागेल तेव्हा पिवळ्याची. सोळाच्या सोळा एकाच वेळी लागायचं काही कारण नाही.

चार. लोकांकडून शीक. मागच्या गल्लीतला घड्याळजी एवढं बारीक काम करायचा, पण दिवसा दिवा लावलेला मी कधी पाहिला नाही. (आहे का अजून? सहज विचारते.)

तुझी,
काठी


९ एप्रिल

प्रिय काठी,

तीनशे बावन्न! साठ युनिट कमी झाले. पण कसे, ते ऐक.

दोऱ्या लागल्या. इलेक्ट्रिशियनने वर बघून विचारलं, “बाई, इथे सर्कस आहे का?” सोळा दोऱ्या वरून लोंबतायत आणि मधून मी हात वर करून चालतेय. पहिल्याच दिवशी एका उंच गृहस्थांच्या कानाला दोरी अडकली, ते वळले, डोक्यावर दिवा लागला आणि ते “आई गं!” म्हणून खाली बसले. डोळे दिपल्याने स्टूल समजून बसले ते बटणांच्या ताटात. चार भोकांची पांढरी बटणं गेला आठवडाभर मला फरशीवर सापडतायत. काही त्यांच्याबरोबर घरी गेली असावीत. ती मी मागितली नाहीत.

इस्त्री बंद केल्यावर आणखी एक उलगडलं. दुसऱ्या दिवशी मास्तर जेवेनात. “भूक नाही,” म्हणाले. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी कळलं, इतकी वर्षं ते डबा इस्त्रीवर ठेवून गरम करत होते! दुकान गार पडतं म्हणजे काय ते मला आत्ता समजलं. आता तो एक तास जेवणाआधीचा ठेवलाय. कपडेही होतात, डबाही.

तुझ्या सांगण्यावरून मागच्या गल्लीत घड्याळजीकडेही जाऊन आले. आहेत, बरं का. केस पांढरे झालेत, पण डोळ्याला तेच भिंग. मी म्हटलं, “माझी नणंद तुमच्याबद्दल विचारत होती.” एवढं बोलले आणि त्यांच्या चिमट्यातून स्क्रू पडला. मग ते आणि मी, दोघं जमिनीवर गुडघे टेकून वीस मिनिटं तो शोधत होतो. ते सारखे विचारत होते, “काय विचारत होत्या? नक्की काय शब्दांत?” फारच बारकाईने काम करणारा माणूस. पण या गडबडीत त्यांना वीज किती लागते ते विचारायचं राहूनच गेलं. पुन्हा जाऊ का?

तुझी,
लिंबू


१४ एप्रिल

लिंबू,

घड्याळजीकडे पुन्हा जाऊ नकोस. त्याच्या आकड्यांची काही गरज नाही.

ट्यूब काढ आणि नवे पांढरे एलईडी दिवे लाव. स्वस्तातले चालतील. उजेड तो उजेड.

काठी


१२ मे

प्रिय काठी,

आधी चांगली बातमी. दोनशे त्र्याऐंशी.

आता दुसरी. उजेड तो उजेड नसतो.

गावातला तो बँड तुला आठवत असेल, मिरवणुकीत वाजवणारा. बँडमास्तरांनी चौदा कोट आणले, गडद किरमिजी, बाह्यांची आणि कॉलरची शिवण उसवलेली. मी नव्या दिव्याखाली कोटाला दोरा लावून बघितला. असा जुळला की दोरा दिसेना. मास्तरांनीही बघितलं, “वा!” म्हणाले. आठ दिवस बसून चौदा कोट शिवले. बँड ते घालून उन्हात गेला आणि शिवण वांग्याच्या रंगाची झाली! चौदाही जणांच्या बाह्यांवर, कॉलरवर, जांभळ्या रेघा.

संध्याकाळी सगळेच्या सगळे दुकानासमोर येऊन उभे राहिले. वाद्यांसकट. बँडमास्तर म्हणाले, “बाई, आम्ही एवढं जीव ओतून वाजवतोय आणि लोक बघतायत बाह्यांकडे. एक पोरगी म्हणाली, आई, या काकांना कुणी रेघोट्या मारल्या?” मी त्यांना आत आणून दिव्याखाली उभं केलं. तिथे शिवण पुन्हा गायब. बाहेर काढलं की जांभळी. असं तीनदा आत-बाहेर केलं. मागचा ढोलवाला दारात अडकला.

सगळे कोट फुकट उसवून पुन्हा शिवायचं कबूल केलंय. आता रंग जुळवायला मी रीळ घेऊन रस्त्यावर जाते. काल मोरपंखी की हिरवा बघत उभी होते तर मागून सायकलवाला ओरडला, “आजी, सिग्नल देताय का?”

तेव्हा मला शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर आठवल्या. रफू शिकवताना त्या कधी दिवा लावू द्यायच्या नाहीत. सगळ्यांना आळीपाळीने खिडकीशी बसवायच्या. तू पाळी नसतानाही माझ्या आधी जाऊन बसायचीस आणि सिस्टरना सांगायचीस की लिंबूला थंडी वाजते. मी हे मास्तरांना सांगितलं. ते यंत्र थांबवून म्हणाले, “खिडकी आपल्याकडेही होती की. मागच्या भिंतीला. त्या खोक्यांच्या मागे.”

काठी, आपल्या दुकानाला खिडकी होती? मागची भिंत मी कायम जमिनीपासून छतापर्यंत खोक्यांनी भरलेलीच बघितलीय. माझ्या लग्नाआधी दुकानाचा हिशोब तू लिहायचीस, तुला माहीत असेल. खोकी हलवू का?

तुझी,
लिंबू


१५ मे

वहिनी,

खोकी हलवू नयेत. कारणं:

उन्हाने दोऱ्यांचे रंग उडतात. गल्लीतली धूळ येते. चोर येतात. मांजरं येतात. खोक्यांत जुना माल आहे, वजनाने तुझी कंबर मोडेल. ती भिंत कच्ची आहे, खोक्यांच्या आधाराने उभी आहे. शिवाय खिडकीचं लाकूड फुगलं असेल, ते उघडणारच नाही.

पत्र परतीच्या टपालाने धाडते आहे. दिव्यांचं आपण दुसरं काहीतरी बघू.

नणंद


२४ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र पोचेपर्यंत खिडकी उघडून झाली होती.

सात कारणं वाचून मला हसू आलं. आठवतं, भूगोलाच्या तासाला तू एका प्रश्नाची पाच उत्तरं दिली होतीस? सिस्टर म्हणाल्या, “बाळ, खरं एकच सांग, मी थांबते.” मीही थांबते. पण आधी काय झालं ते ऐक.

मास्तर म्हणाले, वजन फार असेल, चार माणसं बोलवू. बँडमास्तर कोटांची चौकशी करायला आलेच होते, त्यांनी सहा जण आत पाठवले. ढोलवाल्याने सगळ्यात खालच्या खोक्याखाली हात घातला, जोर लावला आणि खोक्यासकट मागे उताणा पडला. खोकं रिकामं होतं! दुसरंही रिकामं. बासष्ट खोकी, काठी, सगळी रिकामी. आणि प्रत्येकावर यांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘भरलेले. हलवू नये.’

तेव्हा भिंत त्यांच्या आधाराने उभी असेल असं वाटत नाही.

मागे खिडकी होती. चांगली माझ्या उंचीची, दुहेरी, काचेची. मास्तरांनी कडीला तेल घातलं आणि ती एका धक्क्यात उघडली. आणि उजेड आत आला. ऊन नाही, नुसता उजेड, शांत. खिडकी उत्तरेला आहे, तिथे ऊन कधी येतच नाही. भूगोलात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, म्हणून फक्त आठवण करून देते.

किरमिजी दोऱ्यांच्या अकरा छटा आहेत आपल्याकडे. मला पाच वर्षं तीनच वाटत होत्या.

मास्तरांनी यंत्र खिडकीशी नेलं. वारा येतो, म्हणून आवाज करणारा पंखा बंद. दुपारी चारपर्यंत एकही दिवा लागत नाही. बँडचे कोट त्याच खिडकीशी जुळवले, मग चौदाही जणांना उन्हात उभं करून खात्री केली. त्यांनी खूश होऊन दुकानासमोर एक अख्खी धून वाजवली. समोरचा दातांचा डॉक्टर बाहेर येऊन रागावला, त्याचा रोगी दचकला होता.

आता राहिलेली गोष्ट. सगळ्यात शेवटचं खोकं खिडकीच्या कडीला टेकलेलं होतं. त्यावर ‘भरलेले’ लिहिलेलं नव्हतं. यांनी लिहिलं होतं: ‘धाकटीचा राग उतरला की काढावीत.’

मी ते खोकं घरी आणलंय.

कसला राग गं? खिडकीसमोर तर काहीच नाही. हातभर रुंद गल्ली आणि पलीकडे घड्याळजींची खिडकी. ते दिवसभर मान खाली घालून काम करत असतात. आमची उघडली तेव्हा मात्र त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि उठून उभे राहिले. मी हात केला. त्यांनी माझ्या मागे, दुकानात, बघितलं. मग बसले.

तुझी,
लिंबू


२९ मे

प्रिय लिंबू,

दादाने रिकामी खोकी लावली होती! आणि मी दोन महिने रोज त्यांच्याकडे पाठ करून, किती भक्कम काम केलंय म्हणून समाधानाने हिशोब लिहीत होते.

खरं एकच सांगते.

मी सत्तावीस वर्षांची होते. माझं मनगटी घड्याळ घड्याळजीकडे तेलपाण्याला दिलं होतं. तो म्हणाला, “दोन मिनिटं मागे आहे, पुढे केलंय.” मी म्हटलं, माझं घड्याळ आमच्या शाळेच्या घंटेशी लावलेलं आहे आणि सिस्टरांची घंटा चुकत नाही. तो म्हणाला, “मग घंटा दोन मिनिटं मागे असेल.” सिस्टरांची घंटा! मी तिथेच काटे मागे फिरवले आणि निघून आले. दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. बस चुकली. किती मिनिटांनी, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पुढच्या बसने गेले, धापा टाकत, आणि नोकरी मिळाली हे मुलाखत घेणाऱ्या बाईंचे उपकार.

परत आल्यावर घड्याळ त्याच्या टेबलावर ठेवलं, “दुरुस्त करा” म्हटलं आणि आले. ते आणायला कधी गेले नाही. पण हिशोबाच्या वहीतून मान वर केली की समोर तो. हसायचा. जिंकल्यासारखा हसला असता तर सोपं होतं. तसा हसायचा नाही गं. त्याचाच जास्त राग आला.

म्हणून दादाला सांगितलं की उन्हाने रंग उडतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि शिडी आणली. दोन महिन्यांनी मी नोकरीवर रुजू झाले.

म्हणजे तुझ्या सोळा ट्यूब मी लावल्या होत्या. चौतीस वर्षांचे किती युनिट होतात ते मी काल मांडायला घेतलं आणि वही मिटली.

पण ठरलं ते ठरलं. दोनशे सहा.

काठी


१० जून

प्रिय काठी,

बिल या वेळी पाकिटात सगळ्यात वर ठेवलंय. चौघडी न करता.

दोनशे आठ.

ते दोन युनिट कुठले तेही मला माहीत आहे. बँडचे चौदा कोट पुन्हा शिवून झाले त्या दिवशी मास्तरांनी इस्त्री तीन तास चालवली. त्यांना वाईट वाटतंय. म्हणाले, “मी महिनाभर थंड जेवलो असतो, वहिनी, आधी सांगायचं.” मी त्यांना म्हटलं, गरम जेवा. चपलांचा व्यापारी परवा येऊन फूटपट्टीने भिंती मोजून गेला. खिडकी बघून म्हणाला, ही बुजवावी लागेल, इथे बुटांची मांडणी येईल. तो गेल्यावर मी बटणांची ताटं पुसत बसले, सोळाच्या सोळा, दोनदा.

तू शब्दाची पक्की आहेस, म्हणून विनवण्या करत नाही. फक्त एवढंच, की तुला खोटं सांगायचं माझ्या मनात आलं नाही. म्हणजे आलं, पण कागदावर उतरलं नाही.

आता तुझं एक काम. काल घड्याळजी गल्ली ओलांडून दुकानात आले. पहिल्यांदाच. हातात एक छोटं खाकी पाकीट, त्यावर चौतीस वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली ‘काम पूर्ण. मालक येतील.’ आत तुझं घड्याळ. चालू! मी कानाला लावून बघितलं. म्हणाले, “रोज चावी देतो. न चालवता ठेवलं तर घड्याळ आखडतं.” मी म्हटलं, द्या, मी टपालाने पाठवते. तर पाकीट खिशात घालून म्हणाले, “नको, टपालात धक्के बसतात.” मग दारापर्यंत गेले, परत आले आणि अगदी हळू म्हणाले, “त्या येणार असतील तर आदल्या दिवशी कळवा. मी दोन मिनिटं मागे लावून ठेवतो. पुन्हा वाद नको.”

काय कळवू?

तुझी,
लिंबू


१६ जून

प्रिय लिंबू,

व्यापाऱ्याला आजच नकार पाठवला. कारण लिहिलं: ‘बिल जवळजवळ निम्मं झालं आहे.’ लिहिताना हात अडला, पण लिहिलं. दोन मिनिटांसाठी एक खिडकी चौतीस वर्षं बंद ठेवली. आता दोन युनिटांसाठी ती पुन्हा बुजवायची, इतकी मी अजून बिघडलेली नाही.

सोळा दोऱ्या उतरवून टाक, मी उंच आहे. मास्तरांचा डबा इस्त्रीवर राहू दे. ते शेवटचं खोकं मला बघायचंय, फेकू नकोस.

रविवारी सकाळच्या बसने येते. बस स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, मी आधी मागच्या गल्लीतून येईन. आणि त्यांना सांग, घड्याळ बरोबर लावून ठेवा. मीच दोन मिनिटं लवकर येईन.

तुझी,
काठी